खड्डा उजवीकडे

आवाज देताना देवाने माझ्या बाबतीत जरा हात सैल सोडला. आमच्या गल्लीतल्या गणपतीच्या आरतीला माईक बंद पडला की सगळे माझ्याकडे बघतात. घरात बायको म्हणते, हळू बोला, समोरच्या इमारतीला मी उद्या सांगीन. हा आवाज रविवारी सकाळी रस्त्यावर मोकाट सुटायचा, कारण सायकलवर मी पुढे असायचो आणि माझा मित्र मागे.

मित्र शाळेपासूनचा. दोघांचे वडील लालबागच्या एकाच गिरणीत होते. आम्ही दोघे ऑफिसांत चिकटलो आणि आता दोघेही निवृत्त. डॉक्टरांनी मला साखरेवरून दम भरला तेव्हा मी गिअरची सायकल घेतली आणि याच्याही गळ्यात एक मारली. तेव्हापासून दर रविवारी साडेपाचला लालबागहून निघायचं, भायखळ्यावरून गिरगाव चौपाटी, तिथून मरीन ड्राइव्हचं टोक आणि परत. कधी हुक्की आली तर वरळीला समुद्राकाठी झालेल्या नव्या वाटेवर, जिथे गाड्यांची कटकट नाही. परतताना मिसळ. डॉक्टरांना मिसळीचं अजून सांगितलेलं नाही.

पुढच्याने मागच्याला रस्ता सांगायचा ही सायकलवाल्यांची रीतच आहे. मी ती जरा जास्तच मनावर घेतली होती. "खड्डा उजवीकडे!" "गटाराचं झाकण!" "टॅक्सीचं दार उघडतंय!" चालायला आलेली माणसं दचकून बघायची. मित्र मागून नुसतं "हां" म्हणायचा. मला वाटायचं, बिचारा माझी हौस सहन करतोय.

त्या वर्षी विसर्जनात माझा आवाज बसला. दरवर्षीच बसतो, त्याशिवाय विसर्जन झाल्यासारखं वाटत नाही. मंडळात माझ्याकडे आणखी एक काम असतं. मांडव उतरला की खांबांसाठी रस्त्यात खणलेले खड्डे बुजवायचे. मी सगळे बुजवले, एक सोडून. गल्लीच्या तोंडाशी कुणाची तरी स्कूटर नेमकी त्या खड्ड्यावर उभी होती. म्हटलं, सोमवारी बघू. स्कूटर आहे तोवर कोण पडतंय त्यात?

रविवारी पहाटे स्कूटर नव्हती. नीट उजाडलं नव्हतं. मला खड्डा दिसला, ओरडायला तोंड उघडलं आणि नुसती हवा बाहेर आली. मी उजवा हात खाली करून खूण केली. तीही रीतच आहे, आणि ती त्याला चांगली ठाऊक होती. तरी मागे धाडकन आवाज झाला.

मनगट मोडलं. परळच्या एका हॉस्पिटलात प्लास्टर घालून होईपर्यंत मी घोगऱ्या आवाजात त्याची माफी मागत होतो. खड्डा खणणारं मंडळ माझं, न बुजवणाराही मीच.

"गप रव रे," तो म्हणाला. "खड्ड्याचं काय घेऊन बसलास? मला तुझा हातच दिसला नाही."

मग त्याने सांगितलं. दोन वर्षांपासून काचबिंदू आहे. समोरचं दिसतं, बाजूचं आणि खालचं हळूहळू पुसट होत गेलं. थेंब चालू आहेत, पण गेलेली नजर परत येत नाही.

"तू एवढा ओरडायचास," तो म्हणाला, "मला वाटलं, तुला कळलंय."

मला काहीही कळलं नव्हतं. मला ओरडायला आवडतं म्हणून मी ओरडत होतो, आणि हा दोन वर्षं त्याला माझी माया समजत होता. इतकी लाज मला आयुष्यात क्वचित वाटली असेल.

"तुझा आवाज सुटू दे, माझं प्लास्टर निघू दे," तो म्हणाला. "मग जाऊ परत."

बाहेर त्याची बायको भेटली. "भावोजी, घरात दाराच्या चौकटीला आपटतात हे. मी सायकल नको म्हटलं की म्हणतात, तो आहे ना पुढे. आता तुम्हीच नाही म्हणा. माझ्याच्याने होत नाही."

माझ्याच्याने तरी कुठे होत होतं? माझा आवाज चार दिवसांत सुटला. पण त्याच्यासमोर मी पुढचे काही आठवडे घोगरंच बोलत राहिलो. आवाज नाही तोवर सायकल नाही, एवढंच मला सुचलं होतं. तो बापडा मला हळदीचं दूध प्यायला सांगायचा, घशाच्या डॉक्टरचा पत्ता काढून द्यायचा.

प्लास्टर निघालं त्या सोमवारी मी त्याच्या घरी गेलो. गॅलरीत सायकल पुसून, हवा भरून तयार ठेवलेली. ती बघितली आणि मला आणखी नाटक करवेना.

"आता तू सायकल चालवायची नाहीस," मी माझ्या खऱ्या आवाजात म्हणालो. "उद्या ट्रकखाली गेलास तर मी वहिनींना काय तोंड दाखवू? मी पुढे असणार नाही. राग धरायचा तर धर."

आता शिवी येणार म्हणून मी थांबलो. तो सावकाश स्टुलावर बसला आणि त्याने सुटल्यासारखा श्वास सोडला.

"किती दिवस लावलेस रे," तो म्हणाला. "दर रविवारी घाबरतच निघायचो मी. भायखळ्यापर्यंत देवाचं नाव घेत यायचो."

"मग बोलायचं ना, गाढवा!" सगळ्या मजल्याने ऐकलं असेल. "कशाला येत होतास?"

"नसतो आलो तर तू एकटा गेला असतास. नाहीतर दुसरा कुणी शोधला असतास." तो मनगट चोळत म्हणाला. "रिटायर झाल्यापासून तू मला रविवारशिवाय भेटतोस कुठे?"

मी त्याच्यापासून दोन इमारती सोडून राहतो. रोज संध्याकाळी त्याच्या दारावरून भाजी आणायला जातो. त्याचा हात मोडेपर्यंत एकदाही वर गेलो नव्हतो. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते लपवायचंही मला सुचलं नाही.

"रविवारी येतो," मी म्हणालो. "चौपाटीवर चालायला जाऊ."

"रविवारीच कशाला?" तो म्हणाला. "उद्या मंगळवार आहे. उद्या ये."