सगुणाबाईची मशेरी

सगुणाबाई खोटं बोलणारी बाई नव्हे. तोंडाची फटकळ, पण शब्दाला पक्की. पेणजवळच्या मिठागरावर तीस वर्षं तिने डोक्यावरून मीठ वाहिलं. सत्त्याण्णवच्या शिमग्यानंतर बांध चढताना छातीत कळ आली, तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं, "हृदयाच्या नळ्या आवळल्यात. मिठागर बंद." घरी बसायचं या विचारानेच तिचा अर्धा जीव गेला.

म्हणून तर तिने रोह्याच्या दवाखान्यातल्या औषधाच्या प्रयोगात नाव घातलं. मुंबईची डॉक्टरीण नम्रता तिथे महिन्यातून एकदा मशीन घेऊन यायची. डाळी-दाण्यांत असतं ते आर्जिनीन नावाचं अमिनो आम्ल पुडीतून द्यायचं आणि नळ्या त्याने रुंदावतात का ते बघायचं. "कुणाच्या पुडीत औषध, कुणाच्या पुडीत साधी पूड. ते मलाही ठाऊक नाही," नम्रताने आधीच सांगून टाकलं होतं.

"नळी उघडली तं मिठावर जाईन ना गो बाय?"

"टोपल्या उचलायच्या नाहीत. हलकं काम करता येईल."

दीड महिना पुडी चुकली नाही. तपासणीला उपाशी यायचं होतं. चहा नाही, तंबाखू नाही. एसटी वडखळला पोचेतो पोटात कावळे ओरडायला लागले. भूक मारायला तिने कनवटीची डबी काढून मशेरी लावली. नागोठण्याला पुन्हा एकदा.

दवाखान्यात तिच्या हाताला पट्टा करकचून आवळला आणि पाच मिनिटांनी सोडला. आता मशीनच्या पडद्यावर दिसणारी हातातली रक्ताची नळी रुंदावायला हवी होती. ढिम्म हलली नाही.

"मावशी, तंबाखू खाल्लीत?"

"देवाशपथ नाय!"

नम्रताने तिच्या काळ्या हिरड्यांकडे बोट केलं. "मग हे काय?"

"ही व्हय? मशेरी. दात घासायची."

"कशाची करता?"

"तव्यावर भाजून..." अगो बाय, तंबाखूच की ही! सहाव्या वर्षी आईने बोटावर दिली, तेव्हापासून मशेरीला कुणी तंबाखू म्हटलंच नव्हतं.

"महिन्याने फेरतपासणी. तोवर डबी बंद," नम्रता म्हणाली.

पहिले आठ दिवस डोकं ठणकायचं. सून दिपिकाने भात वाढला तरी भांडण. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात, पण हिची गेली. महिन्याने नळी छान उघडली आणि दिवाळीनंतर ती मिठावर गेली, राखणीला का होईना. "माझी पुडी औषधाचीच!" गावभर सांगत सुटली.

पुढच्या वर्षी, कुणाला काय दिलं ते लिहिलेली बंद पाकिटं फोडली, तर तिची पूड साधी निघाली.

"मशेरी सोडलीत, त्यानेच फरक पडला असावा," नम्रता म्हणाली. सगुणाबाईने आधी तिला दोन शिव्या हासडल्या. मग परतीच्या एसटीत तिला आई आठवली. चाळिशीतच बांधावर छाती धरून गेली होती. गाव म्हणालं, बाहेरची बाधा. तिच्याही कनवटीला डबी होती.

घरी आली तर परसात दिपिका मशेरी लावत बसलेली, आणि शेजारी चार वर्षांची नात आईचं बघून काळं बोट तोंडात घालत होती. डबी सगुणाबाईचीच, टाकून दिलेली.

तिने नातीला उचललं आणि रांजणापाशी नेऊन तिचं तोंड खसाखसा धुतलं. पोर रडत होती, तीही रडत होती.

"दिपिके, काय भांडायचं ते भांड गो माझ्याशी," ती म्हणाली, "पन ही डबी घरात नाय."