बंदी नसलेल्या बोअरची रायफल

वकीलकाका वारले तेव्हा त्यांची रायफल पोलीस ठाण्यात जमा झाली, आणि त्यानंतर जवळजवळ वर्षभर मला एका जागी स्वस्थ बसता आलं नाही.

ते आमच्या नात्यातले नव्हते. यवतमाळला आमच्या गल्लीच्या टोकाला एकटेच राहायचे. वकिली सोडलेली, बायको आधीच गेलेली, एकुलता एक मुलगा कॅनडात. मी कॉलेजात छात्रसेनेत होते. आम्हाला कधीमधी गोळीबाराच्या मैदानावर न्यायचे, तिथे काका आपली रायफल घेऊन आलेले असायचे. एकदा त्यांनी माझा कागदी निशाणा हातात घेतला, उन्हाकडे धरून पाहिला आणि म्हणाले, "हात चांगला आहे तुझा. श्वास घाई करतो." त्यानंतर ते स्वतः शेजारी उभे राहून मला त्यांच्या रायफलीवर सराव करू द्यायचे.

चेक बनावटीची, बारीक गोळीची पॉइंट टू-टू होती ती. अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता, गालाला लागला की गार वाटायचा. तिच्या काडतुसाच्या बुडाला, अगदी कडेवर ठोका बसतो, म्हणून तिला रिमफायर म्हणतात. आवाजही बेताचाच. छात्रसेनेच्या झिजलेल्या रायफलीवर माझे नेम ताटभर पसरायचे, काकांच्या रायफलीवर एका बशीत मावायचे.

"काका, अशी रायफल केवढ्याले पडते?" मी विचारलं होतं.

"मी घेतली तेव्हा बाहेरून माल येत होता, फार नाही पडली. आता बाहेरून आणायला बंदी आहे, म्हणून जुनीलाच सोन्याचा भाव. नागपूरचा दुकानदार तर एका नव्या मोटारसायकलीचे पैसे सांगतो."

नवी आणायला परवानगी होती, पण ती नामांकित नेमबाजाला. नामांकित ठरायला ठरावीक गुण हवेत. गुण मिळवायला चांगली रायफल हवी. या चक्राचा विचार करत मी रात्र रात्र कूस बदलायची.

काका झोपेतच गेले. मुलगा कॅनडाहून आला, दिवस उरकले, आणि रायफलीचं काय करायचं हा प्रश्न उभा राहिला. त्याच्याकडे इथला परवाना नव्हता. रायफल ठाण्यात जमा करावी लागली. नागपूरच्या दुकानदाराचा माणूस लगेच येऊन गेला. मी आमच्या बाबांना घेऊन गेले आणि सरळ सांगितलं, मला हवी आहे.

काकांचा मुलगा म्हणाला, "माझ्या बाबांनी तुला शब्द दिला होता का?"

"नाही," मी म्हणाले. "कधी विषयच निघाला नाही."

तो मग म्हणाला, "तिकडे ही जुनी रायफल एका बऱ्या सायकलीच्या भावात मिळते. दुकानदार सांगतो त्याच्या निम्मे दे. पण परवाना आधी काढ. मी पावसाळा संपेपर्यंत थांबतो."

बाबा पाटबंधारे खात्यात कारकून होते. त्यांनी घरी येऊन प्रॉव्हिडंट फंडातून पैसे काढायचं ठरवलं. आई एवढंच म्हणाली, "लोक पोरीच्या लग्नासाठी काढतात." आणि कणीक मळायला लागली.

कापसाची ती फार वाईट वर्षं होती. कलेक्टर कचेरीच्या व्हरांड्यात पाय ठेवायला जागा नसे. गावागावांतून आलेल्या बाया भिंतीला पाठ लावून बसलेल्या असत, कुणाच्या मांडीवर तान्हं, कुणाच्या हातात कर्जापायी जीव दिलेल्या नवऱ्याचा फोटो. त्यांच्यामधून मी खेळाची प्रमाणपत्रं घेऊन शस्त्र परवान्याच्या टेबलाशी जायची. एकदा केळापूरकडच्या एका बाईने सरकून मला जागा दिली आणि विचारलं, "तुयं काय काम आहे वं, बाई?"

"परवान्याचं."

"कायचा परवाना?"

"बंदुकीचा. खेळासाठी."

ती चिडली नाही. "डुकरं मारता येतील का त्यानं? आमच्या तुरीत लय घुसून राह्यले," म्हणाली. मी सांगितलं की ही लहान गोळी आहे, डुक्कर नुसतं जखमी होईल, आणि खेळाच्या परवान्यावर शिकार करता येत नाही. "मंग काय कामाची?" ती म्हणाली. घरी परतताना मी सायकल इतक्या जोरात मारली की चेन पडली.

परवान्याच्या चौकशीला पोलीस जमादार घरी आला. त्याने चहा घेतला, शेजाऱ्यांशी भांडण आहे का विचारलं, मग आवाज खाली आणून बाबांना म्हणाला, "साहेब, घरात कोणाले टेन्शन वगैरे नाही ना? सध्याचे दिवस असे आहेत, आमाले इचारा लागते."

बाबा म्हणाले, "टेन्शन एकच आहे, ते तुमच्यासमोर बसून आहे." जमादार हसला. मी हसले नाही.

पाऊस धरला तशी मला वेगळीच काळजी लागली. टू-टूच्या नळीला आतून गंज चढला की रायफल संपली. मी ठाण्यात गेले. मुद्देमालाची खोली सांभाळणारे हवालदार होते, झरी जामणीकडचे, निवृत्तीला आलेले.

"काका, तिले तेल लावा लागते. पाणी धरते ती."

"तुले हात नाही लावता येत, पोरी. परवाना नाही तुह्याकडे."

"मी नाही लावत. तुम्ही लावा, मी सांगते."

त्यांनी आधी नाहीच म्हटलं. मी बाकावर बसून राहिले. त्यांनी दुपारचा डबा खाल्ला, माझ्याकडे पाहिलं, उठले आणि रायफल घेऊन आले. मी टेबलाच्या अलीकडे, ते पलीकडे. मी म्हणायची, आता बोल्टचा दांडा मागे ओढा, आता सळईला चिंधी गुंडाळा, मागून पुढे जाऊ द्या, उलटी ओढू नका. त्यांची बोटं जाड होती, पण हलकी होती. चिंधीवर तांबूस डाग आला. "अजून एकदा," मी म्हणाले. चौथी चिंधी स्वच्छ निघाली.

पुढे मी दर आठवड्याला जायला लागले. हवालदारकाका मला पाहिलं की म्हणायचे, "आली रायफलीची सासू."

गाडी अडली ती भलत्याच ठिकाणी. वकीलकाकांच्या जुन्या कागदांत रायफलीला दहा काडतुसांचं मॅगझीन असल्याची नोंद होती. परवान्याच्या टेबलावरच्या बाबूंनी ते वाचून अर्ज बाजूला काढला. म्हणाले, "ही आपोआप चालते. फौजी प्रकार. बंदीत येते."

"साहेब, मॅगझीन आहे, पण प्रत्येक गोळीले बोल्ट हातानं ओढा लागते. नळीचं मापही फौजी नाही, बंदी नसलेल्या बोअरची आहे."

"तुम्ही म्हणून चालत नाही."

त्या रविवारी सकाळी वकीलकाकांच्या मुलाचा कॅनडाहून फोन आला. मी सगळं सांगितलं. तिकडून मोठा श्वास ऐकू आला. "इकडे बंदुकांचे तीन वर्ग आहेत," तो म्हणाला. "मोकळ्या, निर्बंधाच्या आणि बंदीच्या. बाबांची रायफल इथे मोकळ्यात आली असती. पण माझ्या मित्राची टू-टू बंदीत गेली. गोळी हीच, जोर हाच."

"मग कशी गेली?"

"दिसायला फौजी रायफलीसारखी होती म्हणून. तो अजून भांडतो आहे."

मला धीर येण्याऐवजी धडकीच भरली. एवढ्या मोठ्या देशात तोंड पाहून ठरवतात, तर आमच्या टेबलावर काय होणार? त्यात तो हळूच म्हणाला, "दुकानदार पुन्हा विचारत होता. मी थांबलोय. पण फार नाही थांबता येणार."

मी तशीच ठाण्यात गेले. हवालदारकाकांनी ऐकून घेतलं, रायफल काढली, रिकामी असल्याची खात्री केली आणि घोडा दाबला. टक. पुन्हा दाबला. काहीच नाही. बोल्ट ओढला, दाबला. टक.

"हे तं आंधळ्यालेही समजते," ते म्हणाले. त्यांनी साहेबांशी बोलून मुख्यालयाच्या शस्त्र कारागिराला बोलावून घेतलं. कारागिराने तपासून हाताने ओढायची, बंदी नसलेल्या बोअरची रायफल असं लिहून दिलं. बाबूंनी ते वाचलं, अर्ज परत गठ्ठ्यात घेतला. माफी नाही, कुरकुरही नाही. दसऱ्याच्या आधी परवाना हातात पडला. पैसे बाबांनी बँकेतून धाडले.

रायफल घरी आली त्या दिवशी आईने तिला ओवाळावं की नाही यावर शेजारणींत चर्चा झाली. आई म्हणाली, "आपल्यात नाही ते," आणि रायफलीच्या पेटीवर घालायला जुन्या सतरंजीची खोळ शिवून दिली.

दोन महिन्यांनी नागपूरला राज्याची स्पर्धा झाली. मी चटईवर पालथी पडले, दस्ता गालाला लावला. वर्षभर जी तगमग थांबत नव्हती ती पहिल्या गोळीआधी थांबेल असं मला वाटलं होतं. थांबली नाही. व्हरांड्यातली ती तुरीवाली बाई डोळ्यांसमोर येत होती, आणि तरीही मी घोडा दाबत गेले. मधल्या गोळ्या छान गेल्या. शेवटच्या दोन घाईत गेल्या. राष्ट्रीय स्पर्धेसाठी लागणारे गुण थोडक्यात हुकले.

बाबा बाहेर डबा घेऊन उभे होते. "आकडा बसला का?"

"नाही."

"किती लांब राहिला?"

मी बोटांच्या चिमटीने दाखवलं. त्यांनी ती चिमूट नीट पाहिली, जणू तीही मोजून घ्यायची होती, आणि म्हणाले, "चाल, गाडी सुटेल."

एस.टी.त गर्दी होती. पेटी आम्ही दोघांच्या मांड्यांवर आडवी धरली. कंडक्टरने विचारलं काय आहे, बाबांनी परवाना दाखवला. त्याने तो उलटसुलट करून वाचला, परत दिला आणि पेटीचं सामानाचं तिकीट फाडलं. वर्धा मागे पडल्यावर दोन्हीकडे वेचायचा राहिलेला कापूस शेतात तसाच लोंबत होता. बाबा झोपले. मी पेटीच्या कडीवर हात ठेवून, त्या शेवटच्या दोन गोळ्यांच्या वेळी श्वास नेमका कुठे सुटला ते आठवत राहिले.