कामगारांचे हक्क, ठळक जागी

संपादकाची कात्री चालते तेव्हा बातमीतला खरा मजकूर आधी उडतो. असे उडालेले तुकडे माझ्याकडे इतके साठलेत की त्यांचाच एक पेपर निघेल! हे सगळे एकाच कामावरचे. लढाईच्या दिवसांत मुरबाड-शहापूर रस्त्यावर सरकारी पूल बांधत होते. नवा कायदा असा, की मजुराला काय मिळायला हवं, जखमी झाला तर औषधपाणी आणि भरपाई कोण देणार, हे ठेकेदारानं कामावर फलक लावून उघड सांगावं. उघड! आमच्या ठेकेदार शेठनं या शब्दाची काय दैना केली, ऐका.

*

पहिला फलक आला तो इंग्रजीत. दगड वाहणारा धर्मा आणि त्याची बायको रामी त्याच्यासमोर उभे. धर्मानं मुकादमाला विचारलं, "काय लिवलंय, दादा?"

"कामाच्या टायमाला उभं राहू नये, असं लिवलंय!"

*

मी पेपरात झोडपलं. लगेच मराठी फलक आला आणि चढला सावरीच्या झाडाच्या शेंड्यावर! कायद्यात 'ठळक जागी' म्हटलंय ना? मी बी. ए. झालेला, मान मोडेस्तोवर पाहिलं, एक अक्षर लागेना.

धर्मा म्हणाला, "माकडांना हक्क समजले, पेपरवाले. आता आमचा नंबर कवा?"

*

पुन्हा झोडपलं. फलक खाली आला. शिवाय तो वाचून दाखवावा, असा हुकूम सुटला. मुकादमानं वेळ निवडली ती सुरुंगाची! लाल बावटा वर गेला, माणसं जीव मुठीत धरून टेकडीआड पळाली आणि हा पठ्ठ्या खडकामागे बसून मोठ्यानं वाचतोय.

शेठ मला म्हणाले, "वाचलं की नाही? लोकच पळून गेले, त्याला कायदा काय करणार!"

*

शेवटी मीच तो वाचून दाखवला. रामीनं खात्री करून घेतली, "म्हंजे ह्यांच्यावर दगूड पडला, तर शेठनं बगायचं? आमाला कोन बोललाच नाय!"

शेठ तणतणत आले. "तुम्ही शिकलेले लोक! गरिबांना पाय मोडायला शिकवता?"

*

लेबर इन्स्पेक्टर यायचे होते त्याच सकाळी दोर तुटला आणि पुलाचा चिरा धर्माच्या पायावर आला. कामावर ना डोली, ना खाट. गड्यांनी फलक उपटला, धर्माला त्यावर निजवलं आणि आम्ही मुरबाडच्या दवाखान्याकडे निघालो. तेवढ्यात वळणावर साहेबांची मोटार दिसली.

शेठ धावत आले. "अरे, थांबा! फलक! फलक आणा आधी!"

धर्माला खाली उतरवलं. मी आणि एका गड्यानं त्याला खांद्यावर घेतलं. पुढचं मला रामीनं सांगितलं.

फलक जागेवर उभा राहिला. रामी साहेबांना आडवी गेली. "सायब, ह्यो वाचा! शेठला वाचून दावा!"

साहेबांनी फलकावर बोट टेकवलं. बोट लाल झालं.

"रंग ओला आहे?"

"आपण येणार म्हणून आजच नवा करून घेतला, साहेब!"

साहेबांनी रुमालाला बोट पुसलं. "छान! सगळ्याच ठेकेदारांनी असा ताजा ठेवायला हवा."