मागच्या चाकाचे ब्रेक

काल छावणीतल्या गॅरेजात गाडीचे मागचे ब्रेक पॅड बदलत होते. मी एकटीच बाकावर बसले होते. ब्रेकच्या भुकटीचा जळकट वास आला आणि कित्येक वर्षांपूर्वीची अंगणातली एक सकाळ आठवली.

माझे यजमान मला हेच काम शिकवत होते. नवे, जाड पॅड बसवण्याआधी ब्रेकचा पिस्टन आत सारायचा होता. मी जोर लावून दाबला, पण तो हलेना.

"नुसता दाबू नको, फिरव," ते म्हणाले. "आत स्क्रू हाय. पॅड झिजतील तसा पिस्टन आपोआप पुढं येतो, म्हणून हँडब्रेक ढिला पडत नाय. आत न्यायचा तर फिरवतच न्यावा लागतो."

फिरवल्यावर तो हळूहळू आत गेला. हात काळेकुट्ट झाले, तशी मी वैतागले. "मला कशाला शिकवता हे? तुम्ही हायेत की."

मी हात धुवून घरात गेले. दुसरं चाक त्यांनी एकट्यानंच केलं.

त्यांच्या आजाराचा रिपोर्ट आदल्या दिवशीच आला होता, हे मला आठवड्यानं कळलं. ते दुसरं चाक होईपर्यंत तरी मी त्यांच्याजवळ बसायला हवं होतं.