घणाखालची पोकळी

अंगानं काडी, म्हणून सर्वेक्षणाच्या तुकडीत सगळे त्याला पैलवान म्हणत. त्याचं काम एकच, जमिनीवरच्या लोखंडी पाटावर घण हाणायचा. हादरा खाली जाई, आतल्या थरांवर आपटून परत येई आणि ओळीनं खोचलेले सेन्सर तो टिपून घेत.

या खेपेचं काम मात्र घरचं निघालं. बंद पडलेल्या खाणीवर कामगारांची वस्ती उभी होती आणि घरांना तडे जात होते. त्याची थोरली बहीण तिथंच राहायची.

पहिल्या दिवशी शेजारच्या रस्त्यावर ट्रकची रांग तुटता तुटेना. खालून येणारा हादरा त्या धडधडीत बुडाला. पडद्यावर नुसता गुंता.

"काय निघालं रे?" संध्याकाळी ताईनं विचारलं.

"काही दिसलं नाही."

ताईचा जीव भांड्यात पडला. तिनं बांधून ठेवलेलं सामान सोडायला घेतलं. दिसलं नाही म्हणजे नाहीच असं नव्हे, हे त्याच्या ओठांवर आलं होतं. पण कित्येक दिवसांनी हसलेली ताई बघून त्यानं ते गिळलं.

तुकडीच्या प्रमुख बाईंनी खेटे घालून शेवटी एका दुपारपुरते ट्रक थांबवले. "आता एकाच जागी हाणत राहा," त्या म्हणाल्या. "वरचा गोंगाट दर वेळी वेगळा असतो, खालचं उत्तर तेच येतं. सगळे ठोके एकत्र केले की गोंगाट विरतो."

तो हाणत राहिला. तळहाताची सालं निघाली. पडद्यावरचा गुंता हळूहळू सुटला आणि बाई पडद्याकडे वाकल्या.

"मोठी पोकळी आहे," अखेर त्या म्हणाल्या. "मधल्या रांगेच्या बरोबर खाली. तिचं छप्पर अगदी पातळ."

मधल्या रांगेतच ताईचं घर होतं. तो घण टाकून पळाला. भाऊजी जेवत होते.

"त्या दिवशी म्हणालास काही नाही, आज म्हणतोस पोकळी," ते म्हणाले. "तुझं तरी एक काय ते ठरव."

"भाऊजी, आधी बाहेर पडा. मग मला हव्या तेवढ्या शिव्या घाला."

ताई नेसत्या कपड्यांनिशी त्याच्याबरोबर निघाली. भाऊजी मात्र हटून बसले. बाईंनी वर कळवलं, पण घरं रिकामी करायचा हुकूम सह्यांसाठी टेबलाटेबलावर फिरत राहिला. हुकूम निघायच्या आत एका सकाळी मधली रांग खचली. भाऊजी आणि शेजारची म्हातारी गेली.

ताई त्याच्याकडेच राहिली. त्याच्या चिघळलेल्या हातांना ती रोज मलम लावी, बोलत मात्र नसे. बऱ्याच दिवसांनी एकदा तिनं विचारलं, "पहिल्याच दिवशी ट्रक का नाही थांबवले?"

"बाईंनी मागितलं होतं. परवानगी मिळाली नाही."

"म्हणजे त्या धडधडीत काही दिसणारच नव्हतं, हे तुला तेव्हाच माहीत होतं?"

त्यानं होकारार्थी मान हलवली. ताईनं त्याचा दुसरा हात पुढे ओढला आणि पट्टी सोडायला लागली.