आधी कागदाची कॉइल

मी लेखिका नाही. एकोणपन्नासाव्या वर्षी प्रथमच लिहायला बसणे हा आगाऊपणा आहे, याची पुरती जाणीव ठेवूनच लिहिते आहे. वाचकांनी सांभाळून घ्यावे.

अठरा वर्षे कॉलेजात शिकवल्यानंतर मी बेंगळुरूत चुंबकांचे आराखडे करू लागले. अणुसंमीलनातून न्यूट्रॉन निर्माण करणारे, एका खोलीत मावेल एवढे यंत्र आमचा गट उभारतो आहे. त्यातला तप्त वायू भिंतींपासून दूर रोखण्यासाठी प्रबळ चुंबक लागतात, आणि ते अतिसंवाहक, म्हणजे खूप थंड केल्यावर विनारोध वीज वाहून नेणाऱ्या, पट्टीच्या कॉइलींचे असतात. ही पट्टी सपाट बाजूने सहज गुंडाळता येते; कडेवर वाकवली तर आतला थर तडकतो आणि ती निकामी होते.

आमच्याकडे पट्टी एकाच कॉइलीपुरती होती. माझ्या आराखड्यावरून साचा कातून झाला आणि गुंडाळणी सोमवारी ठरली. शुक्रवारी सकाळी मी जे. पी. नगरहून येलहंक्याच्या वर्कशॉपमध्ये गेले. तिथले अण्णा मूळचे निपाणीकडचे. त्यांची हयात विजेच्या मोटारींच्या वाइंडिंगमध्ये गेलेली. खरी पट्टी उघडण्यापूर्वी तेवढ्याच रुंदीचा कागद साच्यावर गुंडाळून पाहायचा, ही त्यांची रीत. कॉइल दोन थरांची होती; वरच्या थरातून खालच्या थरात उतरताना कागद चुरगळला.

"अक्का, इथं बघा स्वल्प. कागद रुसला."

"कागदच तो, अण्णा. कॉम्प्युटरवर सगळं नीट बसलं होतं."

"कॉम्प्युटरला बोटं कुठं असतात? मी गुंडाळीन हो सोमवारी. आराखड्याखाली सही तुमची हाय. तडकली तर मला बोलू नका, म्हणजे झालं."

ते हसले, मला हसू आले नाही. उतरण्याची जागा मी इतकी आखूड ठेवली होती, की पट्टी कडेवर वळणे अटळ होते. मॉडेलमध्ये मी तिला तारेसारखी धरली होती, कोणत्याही बाजूला वळणारी.

दुपारी बैठक होती. बैठकांत मी बोलत नाही. विचारले तरी मान हलवते. "सोमवारी सुरू करायचं ना?" गटप्रमुखांनी विचारले. मी उभी राहिले. खरे तर उभे राहण्याची गरज नव्हती.

"नाही. माझा आराखडा चुकला आहे. साचा नव्याने कातावा लागेल. तीन आठवडे द्या."

"सही करताना दिसलं नाही, मॅडम?"

"नाही दिसलं."

तीन आठवडे मी रोज येलहंक्याला गेले. उतार लांबवला, कागदावर तपासला, पुन्हा लांबवला. सातव्या खेपेला कागद सुरकुती न पडता उतरला. "सरी, जमलं," अण्णा म्हणाले, "उघडा आता तुमची पट्टी." परवा कॉइल थंड करून तपासली, ठरलेला प्रवाह तिने पेलला.

कबूल करण्यासारखे एक उरले आहे. त्या शुक्रवारी चूक कळल्यापासून बैठकीपर्यंत तीन तास गेले, आणि त्यातला बराच वेळ मी कागदालाच दोष देता येईल का, हे शोधत होते. स्वतःच्या सहीखालची चूक कळल्यावर ती सांगायला तुम्हाला किती वेळ लागतो?