सॅम्पलची पँट

उल्हासनगरच्या एका जीन्सच्या कारखान्यात मी कटिंग मास्तर होतो. नवा नमुना आला की आधी एकच सॅम्पल शिवायचं आणि कारखान्यातल्याच कुणीतरी ते दिवसभर अंगावर वागवायचं, अशी आमच्याकडे पद्धत होती. उठायचं, बसायचं, चालायचं. शिवण कुठे काचते ते कळलं, की मगच पूर्ण माल कापायचा.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं तेव्हा लेडीज जीन्सची पहिली ऑर्डर आली. धागे कापणाऱ्या बायकांपैकी कुणी सॅम्पल घालायला तयार होईना. माझी पुतणी, थोरल्या भावाची मुलगी, त्यांच्यातच बसायची. तिला कामाला मीच लावलं होतं.

"घाल गं, तुझ्याच मापाची आहे," एक बाई म्हणाली.

"हो, आणि घरी बाबा माझी मापं काढतील!"

सगळ्या हसल्या. मी म्हणालो, "घाल तू. दादाला मी सांगतो."

ती आडोशाला जाऊन पँट घालून आली. दोन्ही हात खिशात खुपसून म्हणाली, "काका, खिसे केवढे खोल आहेत!"

संध्याकाळी मला कटिंगसाठी थांबायचं होतं. मीच तिला म्हणालो, "घालूनच जा घरी. चालताना कुठे काचते ते उद्या सांग."

अंबरनाथहून आमच्या पालेगावची वाट तेव्हा भातशेतांतून जायची. त्या वाटेवर दोघांनी तिला बांधाआड ओढलं. ती चावली, ओरडली, कशीबशी सुटली.

मी घरी पोचलो तेव्हा अंगणात शेजारपाजार जमला होता. ती ओट्याच्या कोपऱ्यात बसली होती. शर्टाची बाही फाटलेली, कोपर सोललेलं. वहिनीने तिच्यावर चादर टाकली होती, ती फक्त पायांवर. कोपरातून रक्त येतच होतं.

कोण होते ते, हे कुणी विचारलं नाही. दादा विचारत होता, "हे काय घातलंस?"

"कारखान्याचं सॅम्पल आहे, बाबा. काकांनी दिलं."

शेजारची म्हातारी म्हणाली, "असली पँट घालून फिरल्यावर पोरं काय आरती ओवाळतील गो?"

"त्या दोघांनीपण जीन्सच घातल्या होत्या," ती म्हणाली. कुणी लक्ष दिलं नाही.

दादा माझ्याकडे वळला. "तू दिलीस?"

ती माझ्याकडे बघत होती. सगळेच बघत होते. तरुण पुतणीला अंगासरशी पँट देणारा काका, असं लोक म्हणतील, एवढंच माझ्या डोक्यात आलं.

"मी कशाला देऊ?" मी म्हणालो. "कारखान्यात एकमेकींचं बघून शिकतात पोरी."

तिने माझ्यावरची नजर काढून घेतली.

दादाने पँट चुलीत घातली. तक्रार केली नाही, तिचं काम मात्र बंद केलं. काही महिन्यांत लांब देशावरच्या एका बिजवराशी तिचं लग्न लावून दिलं. अक्षता टाकायला मीही होतो.

त्या प्रसंगाच्या दुसऱ्या दिवशी कारखान्याच्या सेठने विचारलं होतं, "मास्टर, सॅम्पल कैसा निकला?"

"सिलाई पक्की है," मी म्हणालो. ते खोटं नव्हतं. एवढ्या झटापटीत एक टाका उसवला नव्हता. दुपारी मी पूर्ण माल कापला.

पुढे काही वर्षांनी दादा गेला. दहाव्याला ती आली, डोक्यावर पदर घेऊन. मागच्या पडवीत एकटीच भांडी घासत होती. मी म्हणालो, "आज सगळ्यांसमोर सांगतो. पँट मी दिली होती."

"बाबा गेल्यावर?" तिने मान वर केली नाही. हातातलं भांडं विसळत म्हणाली, "आणि काका, मीच विकत घेऊन घातली असती, तर? मग ते सगळे बरोबर ठरले असते का?"

मी तिने घासलेलं एक पातेलं उचलून पालथं घातलं.

"मला आवडली होती ती," ती म्हणाली. ओले हात पदराला पुसले आणि आत गेली.

त्या दिवशीही मी कुणाला काही सांगितलं नाही. आता लिहून ठेवतो. पँट मी दिली होती. तिने ती आवडीने घातली होती. यात तिचा काहीच दोष नव्हता. दोष त्या बांधावरच्या दोघांचा होता, आणि अंगणात माझा.